हातभर लोखंड

झटका इतका लहान होता की पहिल्या दिवशी जाहेदानं तो स्वतःपासूनही लपवला. दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजासाठी हातपाय धुवायला, वजू करायला ती मोरीत गेली होती. पितळी तोटीला हात लावला आणि बोटांच्या पेरांतून कोपरापर्यंत काहीतरी सरसरत गेलं. दुखलं नाही, कुणी चिमटा काढून पळून जावं तसं झालं. तिनं हात मागं घेतला, बोटं उलटसुलट करून पाहिली, पुन्हा तोटीला लावली, तर काही नाही. नुसतं गार पितळ. वय झालं, असं म्हणून तिनं वजू उरकला, पण नमाजाला उभी असताना मन त्या हातातच अडकलं होतं. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं, मग एका सकाळी झालं, मग बरेच दिवस काहीच नाही. याला काही धरबंध नव्हता, आणि तिला भीती वाटली ती याचीच. तिच्या अम्मीचा लकवा असाच बोटांतून सुरू झाला होता. आधी मुंग्या, मग हातातून पळी सुटायला लागली, मग एका सकाळी अर्धं तोंड वाकडं. पुढं अम्मी बाजेवर पडून असायची आणि घरातली माणसं तिच्या उशाशी बसून तिच्याबद्दल बोलायची, ती तिथं नसल्यासारखी. जाहेदाला लकव्याची तेवढी भीती नव्हती, जेवढी त्या बोलण्याची होती. म्हणून ती गप्प राहिली. तोटीजवळ गेली की क्षणभर थांबायची, हात पुढं करायची, मागं घ्यायची, आणि सुनेनं, शकीलानं, ते नेमकं पाहिलं. शकीलाची नजर तशी चांगली आहे. घरात सासूचं काय चुकतं ते तिला पाठ फिरवूनही दिसतं.

रोशनगेटच्या आतल्या गल्लीतलं हे घर कमरोद्दीननं बांधलं, म्हणजे भिंती गवंड्यांनी बांधल्या, पण पाण्याची लाइन त्यानं स्वतःच्या हातानं टाकली. तो जाहेदाचा नवरा. शहागंजात त्याचं पाइप फिटिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, पाइप आवळून धरायचा एक शिकंजा, एक आटे पाडायचा ठोकळा आणि तेलाचा डबा. दिवसभर लोखंडी पाइपांवर आटे पाडून तो घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला लोखंडाचा आणि तेलाचा वास यायचा. लग्न झाल्यावर पहिले काही महिने तिला त्या वासानं जेवण जायचं नाही. ती मास्तरीण, नगरपालिकेच्या शाळेत मराठी शिकवणारी, आणि नवरा असा काळ्या नखांचा. नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. तो मात्र तागाचे धागे सफेद्यात बुडवून आट्यांवर गुंडाळताना असा जीव लावायचा, जसा एखादी आई पोरीची वेणी घालताना लावते. तो गेला, आणि दुकानाचं शफीकनं पाच-सहा वर्षांत सोनं केलं. आता तिथं छतापर्यंत पांढरे, करडे प्लास्टिकचे पाइप उभे असतात, आटे नाहीत, ताग नाही, सफेदा नाही. करवतीनं कापायचा, सोल्यूशन लावायचं, दाबून धरायचं, झालं. त्या सोल्यूशनच्या वासानं तिचं डोकं दुखतं. पण शफीकचं काही खोटं नव्हतं. लोखंड गंजतं. सकाळची पहिली बादली लाल यायची, पांढऱ्या ओढणीवर डाग पडायचे, दर पावसाळ्यात कुठंतरी सुईएवढं भोक पडून भिंत ओली व्हायची. मोरीचा आणि संडासाचा चिनीमातीचा पाइप तर पिंपळाच्या मुळ्यांनी कधीच फोडला होता. "पूरा शहर बदल रहा अम्मी, अन् पाइपवाल्याच्याच घरी गंज?" असं म्हणून त्यानं होळीच्या सुमारास दोन माणसं लावली आणि गल्लीतल्या जोडापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळं लोखंड उपटून काढलं. तेव्हा ती मध्ये पडली. मोरीतली ती पितळी तोटी आणि तिच्यामागचा भिंतीतला हातभर लोखंडी पाइप, एवढं राहू दे, असं ती म्हणाली. कमरोद्दीननं ती तोटी जुन्या बाजारातून शोधून आणली होती आणि पहिलं पाणी आलं तेव्हा तिलाच उघडायला लावली होती. एवढी एकच गोष्ट तिनं मागितली. शफीक हसला आणि त्यानं ती राहू दिली. वर प्लास्टिक, खाली प्लास्टिक, मध्ये तिचं हातभर लोखंड.

शेवटी तिनं सांगितलं, कारण एका संध्याकाळी झटका जरा जोराचा बसला आणि हातातला तांब्या मोरीत पडून वाजला. शफीक दुकानातून नुकताच आला होता. तो तसाच मोरीत गेला, त्यानं तोटी मुठीत धरली, उघडली, बंद केली, पुन्हा धरली. "मेरेकू तो कुच नई लग्या." शकीलानंही धरून पाहिली. "नाही हो अम्मी, काहीच नाही." दोघंही तिच्याकडं पाहत उभी राहिली, आणि त्या पाहण्यात फार माया होती. ती माया तिच्या ओळखीची होती. आजारी माणसाला सगळे देतात ती. आठवडाभरात तिला जालना रोडवरच्या एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर सभ्य होते, हळू बोलायचे, आणि प्रश्न विचारायचे ते शफीकला. झोप लागते का यांना? विसरतात का? रिटायर कधी झाल्या? वडील कधी गेले तुमचे? मग मान हलवून म्हणाले, नसांचं आहे, थोडं मनाचंही आहे, या वयात बायकांना असं करंट बसल्यासारखं होतं. पांढरी, छोटी, रात्रीची गोळी. ती घेतली की सकाळी जीभ जड व्हायची आणि फजरची नमाज चुकायची. आयुष्यात तिची फजर अशी चुकली नव्हती. मग एक दिवस शकीला म्हणाली, अम्मी, गॅसजवळ तुम्ही नका जाऊ, हातातून काही सुटलं म्हणजे? आणि हे इतकं गोड म्हणाली की भांडता येईना. मग सगीराचा विषय निघाला. सगीरा, जाहेदाची मुलगी, सिल्लोडला दिली होती. तिच्याकडं मोठं अंगण आहे, हवापालट होईल, चार महिने राहून या, बरं वाटेल. चार महिन्यांचं काय होतं ते जाहेदाला ठाऊक होतं. तिच्या खोलीत दुकानाचा माल येणार आणि माल एकदा आला की तो हलत नाही. सगीराच्या घरी ती पाहुणी. इथं परत आली तर इथंही पाहुणीच. तिनं कपाटावरची बॅग पाहिली. शकीलानं ती पुसून ठेवली होती.

रात्री गोळीच्या गुंगीत तिचे अब्बा यायचे. निजामाच्या काळात करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, कारकून होते. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती सहा वर्षांची. नोकरी गेली, कोट खुंटीला लागला तो लागलाच, आणि त्यानंतर अब्बांना दारावर थाप ऐकू यायला लागली. जेवता जेवता हात थांबायचा. "कोई आया." अम्मी म्हणायची, कुणी नाही, जेवा. एखाद दिवशी ते उठून कडी काढायचे, बाहेर रिकामी गल्ली. मग हकीमसाहेबांची माजून सुरू झाली, चमचाभर, दुधातून. अम्मी ती देताना ज्या आवाजात बोलायची तो आवाज जाहेदाला इतक्या वर्षांनी आता शकीलाच्या तोंडून ऐकू येत होता. घ्या, घ्या, शाबास. त्याच अब्बांनी तिला मराठी शाळेत घातलं. पुढं हीच भाषा दोन घास देईल, असं म्हणाले, तेव्हा चुलत्यांनी बोलणं टाकलं. पुढं तीच भाषा तिला दोन घास देत राहिली आणि चुलत्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत गेली, म्हणजे अब्बांचं डोकं ठिकाणावर होतं. मग थाप? त्या दिवसांत कुणीतरी खरंच थाप मारून पळत असेल, तर? गल्लीतलीच कुणी पोरं, किंवा पोरं नव्हेत, आणखी कुणी. हे कुणी तपासलं नाही. दारामागं रात्रभर कुणी बसलं नाही, माजून देणं सोपं होतं. जाहेदाला हे आठवलं की राग यायचा, आणि राग आला की आपल्याला रागही गोळीमुळं येतोय की काय असं वाटायचं. माणसाचं इतकं वाटोळं व्हायला किती थोडं लागतं, याची तिला चीड आली होती.

बानाबाई सकाळी भांड्यांना यायची. पाचोडकडची, धनगराची. नवरा आणि दीर अजून मेंढरं घेऊन फिरायचे, ही पोराबरोबर शहरात आलेली, चिकलठाण्याकडच्या बांधकामांवर पाट्या उचलून पाठ गेली म्हणून आता घरकामं धरलेली. घरात तिच्या पायात कधी काही नसायचं. चपला दाराबाहेर काढायच्या, मोरीच्या ओल्या फरशीवर उकिडवं बसायचं, आणि सगळी भांडी एकीवर एक रचून धुवायची. मे महिन्यात एका सकाळी मोठा आवाज झाला. शकीलाच्या माहेरहून आलेला काचेचा डिनर सेट, त्यातलं मोठं तबक आणि चार ताटल्या. बानाबाई तोटीपासून दोन हात मागं सरकून बसली होती आणि उजवा हात डाव्या हातानं दाबत होती. शकीलानं आरडाओरडा केला नाही, ती कधीच करत नाही. दोघींचे हात सारखेच झालेत, एवढंच म्हणाली, आणि उद्यापासून येऊ नको म्हणाली. बानाबाईनं काचा गोळा केल्या. जाताना ती जाहेदाच्या खोलीशी थांबली.

"अम्मा, तुमाला बी चावतं व्हय त्या तोटीत?"

जाहेदा उठून दाराशी आली.

"मला लई दिसापासून चावतंय. म्या म्हणलं आपलंच काय तरी असंल. दवाखान्यात साखर सांगितली व्हती ना, तिच्या मुंग्या असतील. आन् सांगावं तर कामावरून काढतील. नाय सांगितलं तरी काढलंच बघा."

"अगं, मग मला तरी सांगायचंस."

"तुमीबी कुटं सांगितलं?" बानाबाई हसली, पदर खोचला आणि गेली. एकाच छताखाली दोघी बायका एकाच तोटीला घाबरत होत्या आणि दोघी आपापल्या रोगाला नाव देत बसल्या होत्या. जाहेदाला आधी रडू आलं, मग इतका आनंद झाला की तिला लाज वाटली. बानाबाईचं काम गेलं होतं, आणि आपल्याला काय, तर आपण वेड्या नाही याचा आनंद.

दुपारी शकीला झोपल्यावर ती मोरीत गेली आणि पहिल्यांदाच त्या तोटीकडं भीतीनं नव्हे तर मास्तरणीच्या नजरेनं पाहिलं. हातभर लोखंडाला एक तार गुंडाळलेली होती. तांब्याची, काळी पडलेली, पाच-सहा वेढे, शेवटाला पक्कडीनं पिळलेला पीळ. हा पीळ कमरोद्दीनचा, तो तिनं कुठंही ओळखला असता. तार भिंतीवरून मीटरच्या फळीपर्यंत जात होती. नवं घर, नवी वीज, आणि तो स्टुलावर चढून तार ओढत असताना तिनं विचारलं होतं, पाण्याच्या पाइपाला विजेची तार कशाला? "बिजली बिगडी तो उसकू जाने कू रस्ता होना ना," तो म्हणाला होता. पाइप गल्लीखाली जातो, जमिनीत जातो, बिघडलेली वीज त्यातून जमिनीत निघून जाते, कुणाला चावत नाही. त्या काळी सगळ्या गल्लीनं असंच बांधलं होतं. तिनं तारेवरून नजर खाली आणली. लोखंडाच्या खाली पांढरा प्लास्टिकचा पाइप. वर पांढरा प्लास्टिकचा पाइप. शफीकच्या माणसांनी तार सोडली नव्हती, उलट होती तशी नीट राहू दिली होती. रस्ता मात्र उपटून भंगारात घातला होता. घरातली बिघडलेली वीज या हातभर लोखंडापर्यंत यायची आणि वाट नाही म्हणून तिथंच थांबायची, कुणीतरी अनवाणी येण्याची वाट बघत. धातूतून वीज वाहते. लाकूड, रबर, प्लास्टिक यांतून वाहत नाही. मराठीबरोबर चौथीचं विज्ञानही तिच्याकडंच असायचं, फळ्यावर तिनं हे वाक्य किती वर्षं लिहिलं होतं. ती स्वतः अनवाणी, बानाबाई अनवाणी. शफीक आणि शकीला मोरीत रबरी चपला घालून जातात. आणि जी खूण तिनं हट्टानं मागून ठेवली, तीच तिला चावत होती. कमरोद्दीन, तुझी आठवण ठेवली त्याचं हे फळ, ती मनात म्हणाली, आणि तिला मेलेल्या माणसाचाही राग आला.

तिनं रात्री जेवताना शफीकला सगळं सांगितलं. नीट, क्रमानं, वर्गात सांगावं तसं. त्यानं घास थांबवला नाही. "अम्मी, प्लास्टिकमध्ये करंट येतच नाही. तेच तर सांगून मी माल विकतो."

"म्हणूनच तर. त्याला जायला वाट नाही."

"वाट?" तो शकीलाकडं बघून हसला, मग हसू आवरलं. "अम्मी, गोळी घेतली का?"

"चप्पल काढ आणि हात लावून बघ. एकदा. माझ्यासाठी."

"जिद नक्को करो अम्मी. दिवसभर दुकानात उभा राहून पाय दुखतात." तो उठला आणि चपला फटफटवत हात धुवायला गेला, मोरीत नव्हे, मागच्या बेसिनवर. म्हणजे त्याला थोडी भीती वाटली, हे जाहेदानं पाहिलं. भीती वाटली, पण तपासावंसं वाटलं नाही. शकीला ताटं उचलत म्हणाली, सगीराआपाचा फोन आला होता, जुम्मा झाला की तुम्हाला न्यायला गाडी पाठवते म्हणाली. त्या रात्री जाहेदाला कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटेना, स्वतःचीसुद्धा. खरं बोलणाऱ्या माणसाला पुरावा द्यावा लागतो आणि मुलाला नुसतं मुलगा असावं लागतं.

जुम्म्याच्या दिवशी शफीकला उशीर झाला. दुकानातून धावत आला, गल्लीत चपलेचा अंगठा तुटला म्हणून चपला उंबऱ्याबाहेर भिरकावल्या आणि वजूसाठी अनवाणीच मोरीत शिरला. फ्रिज घुरघुरत होता. जाहेदा खोलीत तसबीह ओढत बसली होती. तिनं ऐकलं, आधी एक हुंकार, मग "या अल्लाह!" अशी किंकाळी, मग बादली उलटल्याचा आवाज. शकीला धावली. शफीक मोरीच्या भिंतीला टेकून बसला होता, चेहरा पांढरा, हात छातीशी. "करंट है! करंट है उसमें! मेन बंद कर!" त्याला काय झालं ते कुणी विचारलं नाही, कुणी तपासलं नाही, कुणी त्याला झोप लागते का असंही विचारलं नाही. मेन बंद झाला. जुम्म्याची नमाज संपून लोक मशिदीतून बाहेर पडेपर्यंत वायरमन घरात होता. म्हणाला, फ्रिजच्या मोटरीत करंट उतरलाय, मोटर चालू झाली की इथं येतो, आणि ही तार बघा, हिला अर्थिंग कुठाय? नशीब म्हणा शफीकभाई, ओल्या फरशीवर असून वाचलात. शकीला पदर तोंडाला लावून म्हणाली, यांना काही झालं असतं तर! संध्याकाळपर्यंत अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून त्यात सळई उतरवली, नवी तार जोडली. ते हातभर लोखंड भिंतीतून काढलं आणि पितळी तोटीसकट बाहेर ठेवलं. सकाळी भंगारवाला घेऊन गेला. जाहेदाला विचारलं नाही. आता तिथं निळ्या मुठीची पांढरी प्लास्टिकची तोटी आहे.

ती वाट पाहत राहिली. एका वाक्याची. अम्मी, तू खरं सांगत होतीस. एवढं शफीक म्हणाला असता तर तिनं त्याला तिथंच माफ केलं असतं; आईचं मन, ते माफीही उधारीवर द्यायला तयार असतं. तो नाही म्हणाला. दुकानात, गल्लीत, फोनवर सगीराला त्यानं रंगवून सांगितलं, मरता मरता वाचलो. त्या गोष्टीत जाहेदा कुठंच नव्हती. ती म्हणाली, बानाबाईला परत बोलवा, तिची चूक नव्हती. शकीला म्हणाली, नवी बाई ठेवली आता अम्मी, दगडाबाई, ती चप्पल घालून येते मोरीत. रात्री दुधाबरोबर गोळी आली. जाहेदानं शकीलाकडं पाहिलं. "डॉक्टरांना न विचारता बंद करू नये," शकीला म्हणाली. हात पुढं तसाच होता, आवाज तोच. जाहेदानं गोळी घेतली. करंटच्या गडबडीत सगीराची गाडी पुढं ढकलली होती, पण बॅग कपाटावरून खाली आली होती, सिल्लोडला जायच्या आधी एकदा दाखवून येऊ असं ठरलं होतं. ठरवताना ती खोलीतच होती.

दवाखान्यात कूलर चालू होता आणि डॉक्टर शफीकशी बोलत होते. कसं आहे आता यांचं? शफीक खुर्चीत जरा हलला. "आता बरं आहे डॉक्टरसाहेब. मुंग्या-बिंग्या काही नाही. जूनपासून एकदासुद्धा नाही." डॉक्टर समाधानानं म्हणाले, बघा, लागू पडली गोळी. या वयात वेळ लागतो, पण लागू पडते. जाहेदानं मुलाकडं पाहिलं. अजून वेळ होती. त्यानं आत्ता तोंड उघडलं, तोटीचं सांगितलं, तर गोळी संपत होती, सिल्लोड संपत होतं, खोली तिची राहत होती. डॉक्टर हसले असते, तोही हसला असता, तीही हसली असती. शफीकनं खाली मान घातली आणि पायातल्या नव्या चपलांकडं पाहत राहिला, जाड तळाच्या, रबरी, जुम्म्यानंतर घेतलेल्या. लहानपणी दुकानात शिकंज्यात बोट सापडलं तेव्हा तो असाच पायाकडं पाहत उभा होता, रडायचं नाही म्हणून. तेव्हा तिनं त्याला जवळ घेतलं होतं. आता तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं नाही, आणि असं वाटलं नाही याचीच तिला भीती वाटली.

डॉक्टर पहिल्यांदाच तिच्याकडं वळले. "काय बाई, आता नाही ना बसत करंट?"

"बसतो," जाहेदा म्हणाली. "आत्ताच बसला."

शफीकनं मान वर केली नाही. डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी पुढं ओढली आणि एका गोळीच्या दोन केल्या.